तुरुंगाच्या खाटा आणि काउंटीचे अंदाजपत्रक

अमेरिकेचा विषय निघाला की आमच्या लोकांच्या डोळ्यांसमोर दोन चित्रे उभी राहतात. एक कोलंबिया विद्यापीठाचे, जेथे १९१३ साली बाबासाहेब शिकायला गेले. दुसरे ब्लॅक पँथरचे, ज्यांच्या नावावरून १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरने आपले नाव घेतले. दोन्ही चित्रे खरी आहेत आणि आम्हाला त्यांचा अभिमान आहे. पण अमेरिकेतील काळ्या माणसाचे आणि तेथील मूळनिवासी माणसाचे रोजचे जगणे वॉशिंग्टनपेक्षा जास्त ठरते ते काउंटीच्या कचेरीतील एका साध्या खोलीत. तेथे तीन-पाच निवडून आलेली माणसे बसतात आणि वर्षाचे अंदाजपत्रक मंजूर करतात. त्या अंदाजपत्रकातील एकाच बाबीविषयी आम्ही आज लिहिणार आहोत. ती बाब म्हणजे काउंटीचा छोटा तुरुंग.

आंबेडकरी चळवळीच्या वाचकाने अमेरिकेतील कुठल्याशा खेड्यातल्या तुरुंगाचा हिशेब कशाला वाचायचा, असे कोणी विचारील. त्यांना आम्ही एवढीच आठवण देतो की बाबासाहेबांनी कोलंबियातील प्रबंधासाठी विषय निवडला तो ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवहाराचा. वरचे सरकार खालच्या सरकारला पैसा कसा देते, किती देते आणि कोणत्या अटींवर देते, याचा तो अभ्यास. १९२५ साली तो ग्रंथरूपाने निघाला तेव्हा प्रस्तावना त्यांचे गुरू प्रा. सेलिग्मन यांनी लिहिली. आमच्या चळवळीने बाबासाहेबांची भाषणे पाठ केली, पण त्यांचे आकडे वाचण्याची सवय मात्र लावून घेतली नाही. असो.

काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग. अमेरिकेत अशा तीन हजारांहून अधिक काउंट्या आहेत. काहींची लोकसंख्या मुंबईच्या निम्मी तर काहींची आपल्या एखाद्या मोठ्या गावाएवढी. आपल्या जिल्हा परिषदेशी तुलना करायची तर काउंटीच्या हाती कर बसवण्याचा अधिकार आहे, रस्ते आहेत, निवडणुकांचे काम आहे आणि बहुतेक ठिकाणी तुरुंगही आहे. तुरुंग चालवतो तो शेरीफ. हा बहुतेक राज्यांत मतदारांनी निवडून दिलेला असतो. म्हणजे आपल्याकडील जिल्हा पोलीस अधीक्षक आणि तुरुंग अधीक्षक एकच माणूस असावा आणि त्याने दर चार वर्षांनी मते मागत फिरावे, अशी कल्पना करा.

इंग्रजीत जेल आणि प्रिझन हे दोन वेगळे शब्द आहेत. मराठीत दोन्हींना आम्ही तुरुंगच म्हणतो आणि तेथेच गोंधळ होतो. प्रिझन राज्य सरकारचे किंवा केंद्राचे, लांब मुदतीच्या शिक्षेचे. जेल स्थानिक, खटल्याची वाट पाहणाऱ्यांसाठी आणि साधारणतः वर्षाच्या आतील शिक्षेसाठी. अमेरिकेच्या या स्थानिक तुरुंगांत २०२३ च्या मध्यास सुमारे ६ लाख ६४ हजार माणसे होती आणि त्यांपैकी सुमारे ७० टक्के माणसांवर कोणताही गुन्हा सिद्ध झालेला नव्हता. आपल्या भाषेत हे कच्चे कैदी. त्यांतील कित्येकांचा खरा गुन्हा जामिनाची रक्कम खिशात नसणे हाच. लोकसंख्येच्या प्रमाणात पाहिले तर काळा माणूस गोऱ्यापेक्षा सुमारे साडेतीन पट अधिक या तुरुंगांत असतो.

आता हिशेब पाहू. तुरुंगात रात्रंदिवस पहारा लागतो. आठवड्याचे तास १६८, एका कर्मचाऱ्याचे कामाचे तास ४०. म्हणजे पहाऱ्याची एकच जागा भरून ठेवायला चार माणसे कमीच पडतात. रजा, आजारपण, प्रशिक्षण धरले की पाच लागतात. दोन जागा असतील तर दहा पगार. आत आठ कैदी असोत की चाळीस, हे दहा पगार सुटत नाहीत. त्यात बायका आणि पुरुष वेगळे ठेवायचे. अल्पवयीन असेल तर त्याची सोय निराळी. म्हणून तुरुंग जितका लहान तितका दर माणशी खर्च जास्त. छोट्या काउंटीचे उत्पन्न मुख्यतः घर-जमिनीवरच्या करातून येते. लोक गाव सोडून चालले, खाण बंद पडली, शेती विकली गेली की तो कर आटतो, पण तुरुंगाचे पगार आटत नाहीत.

दुसरा मोठा खर्च औषधपाण्याचा. गरिबांसाठी मेडिकेड नावाची सरकारी योजना १९६५ साली सुरू झाली. तिच्यातच एक कलम आहे. माणूस तुरुंगात गेला की, थोडे अपवाद सोडले तर, त्याच्या उपचाराला केंद्राचा पैसा मिळत नाही. तो निर्दोष ठरण्याच्या आधीही मिळत नाही. इकडे १९७६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कैद्याच्या गंभीर दुखण्याकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणे हा घटनाभंग आहे. म्हणजे जबाबदारी घटनेची आणि बिल काउंटीचे. आज या तुरुंगांत येणारे कितीतरी लोक व्यसनाने किंवा मनोविकाराने ग्रासलेले असतात. दवाखाना नाही म्हणून तुरुंग, असा प्रकार. आणि परिचारिका ठेवायला पैसा नाही, अशी काउंटीची रड.

ही काटकसर कोठवर जाते ते टेक्सासच्या वॉलर काउंटीत दिसले. सँड्रा ब्लँड ही २८ वर्षांची काळी तरुणी जुलै २०१५ मध्ये प्रेअरी व्ह्यू या काळ्यांसाठी स्थापन झालेल्या विद्यापीठात नोकरीसाठी आली होती. लेन बदलताना इशारा दिला नाही म्हणून तिला पोलिसाने अडवले, वाद झाला आणि अटक झाली. जामीन ५,००० डॉलरचा, त्यापैकी ५०० भरले की सुटका. ते पाचशे जमवाजमव करण्यातच शनिवार-रविवार गेला आणि तिसऱ्या दिवशी ती कोठडीत मृत सापडली. सरकारी नोंद आत्महत्येची. पुढील वर्षी तिच्या आईशी झालेल्या तडजोडीची रक्कम १९ लाख डॉलर होती. २०१७ मध्ये टेक्सासने तिच्या नावाचा कायदा केला. कैद्यांवर वेळेवर नजर ठेवली जाते की नाही याची आपोआप नोंद करणारी यंत्रे बसवण्याची आणि लहान तुरुंगांना त्यासाठी मदत देण्याची तरतूद त्यात आली. पाचशे डॉलरसाठी गेलेल्या जिवानंतर आलेली तरतूद.

असा तोट्यातला तुरुंग घेऊन बसलेल्या काउंटीपुढे तीन वाटा असतात. तो बंद करून शेजारच्या काउंटीला दर दिवसाला दर कैद्यामागे भाडे द्यायचे, ही एक. आत जाणाऱ्यांची संख्याच कमी करायची, ही दुसरी. आणि तिसरी वाट, गेल्या चाळीस वर्षांत सगळ्यात जास्त मळलेली, ती म्हणजे गरजेपेक्षा मोठा तुरुंग बांधायचा आणि रिकाम्या खाटा भाड्याने द्यायच्या. राज्य सरकारला, केंद्राच्या मार्शल खात्याला किंवा इमिग्रेशन खात्याला. तुरुंगाची बाब मग अंदाजपत्रकात खर्चाच्या बाजूवरून उठून जमेच्या बाजूला जाऊन बसते.

या तिसऱ्या वाटेची गोष्ट मोंटाना राज्यातील हार्डिन या नगराइतकी स्पष्ट दुसरीकडे क्वचितच सापडेल. हार्डिन हे बिग हॉर्न काउंटीचे मुख्य ठिकाण, वस्ती साडेतीन-चार हजार. शेजारीच क्रो जमातीचे राखीव क्षेत्र, काउंटीचा आणखी थोडा भाग नॉर्दर्न शायान जमातीचा. १८७६ मध्ये जेथे मूळनिवासींनी जनरल कस्टरच्या फौजेचा धुव्वा उडवला ते लिटल बिगहॉर्नचे रणांगण येथून जवळच आहे. (या लोकांना अमेरिकेत अजून इंडियन म्हणतात. कोलंबस चुकला आणि पाचशे वर्षे नाव दुसऱ्यांना चिकटले.)

या नगराच्या आर्थिक विकास संस्थेने २००६ मध्ये २ कोटी ७० लाख डॉलरचे कर्जरोखे काढले आणि ४६४ खाटांचा तुरुंग बांधला. टेक्सासमधील प्रवर्तकांनी योजना मांडली, शंभराहून अधिक नोकऱ्यांचे स्वप्न दाखवले. कर्जरोखे अशा प्रकारचे की त्यांची फेड तुरुंगाच्या उत्पन्नातून व्हायची, कराच्या पैशातून नव्हे. ही युक्ती वाचकांनी लक्षात ठेवावी. कराच्या तारणावर कर्ज काढायचे तर अनेक राज्यांत मतदारांचा कौल घ्यावा लागतो. उत्पन्नाच्या तारणावर काढले की बहुधा तो लागत नाही. लोकांना न विचारता लोकांच्या नावाने तुरुंग उभा राहतो.

२००७ मध्ये इमारत तयार झाली आणि कैदीच आले नाहीत. राज्याला तेवढ्या खाटांची गरज नव्हती. बाहेरच्या राज्यांतील कैदी आणावेत तर राज्याच्या ॲटर्नी जनरलनी कायदा तसे करू देत नाही असे मत दिले. पुढे न्यायालयाने ते मत फिरवले, पण तोवर २००८ उजाडले होते आणि रोख्यांची फेड थकली होती. २००९ च्या एप्रिलमध्ये नगर परिषदेने काय करावे? ग्वांतानामोच्या कैद्यांना आमच्याकडे पाठवा असा ठराव केला! राज्याच्या सिनेटरांनीच विरोध केला आणि तो बेत बारगळला. त्याच वर्षी अमेरिकन पोलीस फोर्स नावाची एक कंपनी आली, काळ्या मोटारी, गणवेश, मोठमोठ्या गोष्टी. नंतर उघड झाले की तिच्या म्होरक्यावर फसवणुकीच्या जुन्या गुन्ह्यांची नोंद आहे. तीही पळाली. २०१४ मध्ये तुरुंग एका खासगी कंपनीने उघडला, २०१६ मध्ये पुन्हा कुलूप. शेवटी २०२० मध्ये तो खऱ्या अर्थाने चालू झाला तो ब्युरो ऑफ इंडियन अफेअर्ससाठी. म्हणजे केंद्र सरकारचे मूळनिवासींचा कारभार पाहणारे खाते. तेरा वर्षे गिऱ्हाईक शोधत असलेल्या खाटांवर अखेर कोण आले? मूळनिवासी.

राखीव क्षेत्रांवरील तुरुंगांची दुरवस्था खरी होती आणि जवळ जागा मिळाली तर शेकडो मैलांची ने-आण वाचते, हा युक्तिवाद आम्हाला समजतो. तो खोटा नाही. पण मूळनिवासींच्या गावात दवाखाना, शाळा, पाण्याची नळवाट यांसाठी २ कोटी ७० लाखांचे रोखे कोणी काढल्याचे आमच्या ऐकिवात नाही. खाटेला भाडे मिळते, शाळेच्या बाकाला मिळत नाही.

येथे या काउंटीचा आधीचा इतिहास सांगितला पाहिजे. या भागात मूळनिवासी मोठ्या संख्येने राहत असूनही १९८६ पर्यंत बिग हॉर्नच्या तीन सदस्यांच्या काउंटी मंडळावर त्यांच्यातील एकही माणूस कधी निवडून आला नव्हता. कारण निवडणूक वॉर्डनिहाय नसे. सगळी काउंटी मिळून प्रत्येक जागेसाठी मतदान करी आणि गोऱ्यांची मते एकगठ्ठा पडत. क्रो आणि शायान मतदार न्यायालयात गेले. विंडी बॉय खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे. १९८६ मध्ये संघीय न्यायालयाने निकाल दिला की ही पद्धत मूळनिवासींच्या मतांची किंमत पातळ करते, आणि वॉर्ड पाडण्याचा मार्ग खुला झाला. मग मूळनिवासी सदस्य मंडळावर येऊ लागले. साउथबरो कमिटीपुढे १९१९ मध्ये बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या प्रतिनिधित्वाची जी मागणी केली होती तिचे मर्म कळलेल्या माणसाला हा खटला परका वाटणार नाही. मात्र हेही नोंदवले पाहिजे की हार्डिनचा तुरुंग काउंटी मंडळाच्या टेबलावर ठरलाच नाही. तो नगराच्या विकास संस्थेत ठरला. एक दार उघडले की व्यवहार दुसऱ्या दाराने आत येतो.

लुइझियाना राज्याने तर ही वाट राजमार्ग केली. तेथे काउंटीला पॅरिश म्हणतात. राज्याने आपले कैदी शेरीफांच्या तुरुंगांत ठेवायचे आणि दर दिवसाला दर डोई पैसे द्यायचे. २०१२ मध्ये हा दर २४ डॉलर ३९ सेंट होता आणि राज्याचे निम्म्याहून अधिक कैदी अशा स्थानिक तुरुंगांत होते. एवढ्या पैशात माणूस सांभाळून शेरीफने आपल्या खात्याच्या गाड्या-बंदुकांसाठीही शिल्लक काढायची, तर आतल्या माणसाला शिक्षण काय आणि उपचार काय मिळणार? २०१७ मध्ये राज्याने शिक्षा कमी करणारे कायदे केले, तेव्हा कॅडो पॅरिशच्या शेरीफांनी पत्रकारांपुढे उघड तक्रार केली की सुटणाऱ्यांत चांगले कैदीही जातील, जे आमच्या गाड्या धुतात, तेल बदलतात, स्वयंपाक करतात. गुलामगिरी रद्द करणाऱ्या १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीत गुन्ह्याच्या शिक्षेचा अपवाद ठेवला आहे. तो अपवाद दीडशे वर्षांनी कोठे राहतो हे त्या शेरीफांनी सांगून टाकले. २०२४ मध्ये नव्या राज्यपालांच्या कारकिर्दीत त्या सुधारणांपैकी बऱ्याच मागे घेतल्या गेल्या आणि १ ऑगस्ट २०२४ नंतरच्या गुन्ह्यांसाठी पॅरोल जवळजवळ बंदच झाला. खाटा भरलेल्या राहतील.

मग छोटा तुरुंग बंद करावा हे उत्तर आहे काय? आमचे मत असे की नुसते बंद करणे हे उत्तर नव्हे. काउंटीने तुरुंग बंद केला आणि कैदी साठ मैलांवर पाठवला, की त्याची आई भेटायला जाऊ शकत नाही आणि वकील फोनवरच बोलतो. तारखेला आणायला गाडी नसली की तारीख पुढे जाते आणि तोवर त्याची नोकरीही जाते. अंदाजपत्रकात मात्र बचत दिसते. आईचे बसभाडे आणि गेलेली नोकरी कोणत्याच रकान्यात येत नाही. दुसरीकडे, छोटा तुरुंग आपल्या गावचा म्हणून दयाळू असतो ही समजूतही भाबडी आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेडे हा राज्यघटनेचा पाया मानण्यास का नकार दिला, ते आठवावे. जवळचे राज्य म्हणजे आपले राज्य, असे ज्याच्या वाट्याला गावकुसाबाहेरचे जगणे आले आहे तो कधी म्हणणार नाही.

खरी वाट आत जाणाऱ्यांची संख्या कमी करण्याची आहे. ती चोखाळता येते हे इलिनॉय राज्याने दाखवले. तेथे १८ सप्टेंबर २०२३ पासून पैशाचा जामीन पूर्ण बंद झाला. माणूस धोकादायक आहे की नाही, पळून जाईल की नाही, हे न्यायाधीशाने सुनावणी घेऊन ठरवायचे. खिसा बघायचा नाही. अनेक काउंट्यांचे शेरीफ आणि सरकारी वकील या कायद्याविरुद्ध कोर्टात गेले होते, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात ते हरले. पीडितांचे काय, हा प्रश्न त्यांनी विचारला आणि तो विचारलाच पाहिजे. मारहाण झालेल्या बाईला आरोपी सुटल्याची भीती वाटते. पण जुन्या पद्धतीत पैसेवाला मारकुटा नवरा तासाभरात सुटत होता, हेही त्याच वेळी सांगितले पाहिजे.

याच राज्याने २०२१ मध्ये काउंटी तुरुंगांनी इमिग्रेशन खात्याला खाटा भाड्याने देण्यावर बंदी घातली. तेव्हा मॅकहेन्री आणि कँकाकी या दोन काउंट्या कोर्टात गेल्या. भाडे बुडते ही त्यांची खरी कळ. तेथेही त्या हरल्या. इतर राज्यांत चित्र उलटे आहे. जुलै २०२५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने स्थलांतरितांना डांबण्याच्या व्यवस्थेसाठी ४,५०० कोटी डॉलरची तरतूद केली. एवढा पैसा वरून सुटला की ज्या छोट्या काउंटीचे कमिशनर काल तुरुंग बंद करायच्या गोष्टी करीत होते ते आज नवी इमारत काढतात. त्या खाटांवर मेक्सिकन, ग्वाटेमालन येतात, आणि कागद नसलेले आपल्याकडचेही. परदेशात गेलेल्या आमच्या शिकलेल्या मुलांनी हे लक्षात ठेवलेले बरे.

आणि आमच्याकडे? आमच्याकडे तुरुंग राज्याचा, जिल्हा परिषदेला त्यात स्थान नाही, खाटा भाड्याने देण्याचा धंदा नाही. तेवढे बरे. पण कच्च्या कैद्यांचे प्रमाण अमेरिकेहूनही जास्त आहे. २०२२ अखेर देशात ५ लाख ७३ हजारांवर कैदी होते, जागा होती ४ लाख ३६ हजारांची, आणि दर शंभरांत सुमारे ७६ जण खटल्याची वाट पाहत होते. आतल्या अनुसूचित जातींच्या माणसांचे प्रमाण लोकसंख्येतील प्रमाणापेक्षा जास्त. आत गेल्यावर झाडू कोणी मारायचा आणि स्वयंपाक कोणी करायचा हेही जातीवर ठरत होते. त्या नियमांना सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी घटनाबाह्य ठरवले. स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी!

केंद्र सरकारने २०२३ मध्ये गरीब कैद्यांसाठी एक योजना आणली. जामिनाची रक्कम भरता येत नाही अशा कच्च्या कैद्याला ४० हजार रुपयांपर्यंत आणि दंड न भरल्याने अडकलेल्याला २५ हजारांपर्यंत मदत, अशी २०२३ मधील तरतूद होती. निर्णय जिल्हा पातळीवरील समितीने घ्यायचा. तिच्यात जिल्हाधिकारी कार्यालय आहे, विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव आहेत, पोलीस अधीक्षक आहेत, तुरुंगाचे अधीक्षक आहेत. आपल्या जिल्ह्यात ही समिती आजवर किती वेळा बसली, किती अर्ज आले, किती माणसे बाहेर आली आणि किती रक्कम तशीच परत गेली? माहितीच्या अधिकारात हे विचारायला दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लागते. ज्या जिल्ह्यातील कार्यकर्ते ही माहिती काढतील त्यांनी उत्तराची झेरॉक्स आमच्याकडे पाठवावी. आम्ही आकडे जिल्हावार छापू.